मुक्कामाचा जमाखर्च

१९०९ सालच्या डिसेंबरच्या २१ तारखेस रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, आणि त्याच रात्रीं तेथें अनंत कान्हेरे या तरुणानें कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घालून ठार केलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या घटनेनें विजयानंदाचें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत कायमचें राहिलें. कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे पुढील एप्रिलच्या १९ तारखेस ठाण्याच्या तुरुंगांत फांसावर गेले. याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि आम्ही आज त्यांत भर घालणार नाहीं. आमचें लक्ष त्या रात्रीच्या एका गौण भागाकडे आहे. जॅक्सनसाहेबांची बदली झाली होती, त्यांस निरोप द्यावा म्हणून नाटकास बोलाविलें होतें, आणि नाटक करणारी मंडळी नाशिकची नव्हती. ती आपले पडदे, पोषाख, वाद्यें, नट आणि नोकरचाकर घेऊन परगांवाहून मुक्कामास आली होती. नाटकगृहांत असा प्रकार घडल्यावर खेळाचें काय झालें असेल तें सांगावयास नको. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं मंडळीच्या बिऱ्हाडीं चूल मात्र पेटवावीच लागली असली पाहिजे. इतिहास अशा चुलींची नोंद ठेवीत नाहीं. तरी आमच्या संगीत रंगभूमीचा आणि गायनकलेचा गेल्या शतकांतील चढउतार समजून घ्यावयाचा असेल, तर त्या चुलीकडेच प्रथम पाहावें लागेल असें आम्हांस वाटतें.

नटगवयांना हिशेब कळत नाहीं, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतील एक जुना सिद्धान्त आहे. बालगंधर्वांचे शालू, अत्तरें आणि पंगती यांच्या गोष्टी आपण आवडीनें सांगतों, आणि शेवटीं मान हलवून म्हणतों कीं, एवढा पैसा मिळविला पण ठेवतां आला नाहीं. हा न्याय सोपा आहे, आणि त्यांत थोडें सत्यहि आहे. परंतु त्याच काळांत, त्याच महाराष्ट्रांत दुसरा एक गवई असा होऊन गेला कीं, ज्याच्या अंगावर उधळपट्टीचा शिंतोडाहि उडविणें शक्य नाहीं. राहणी साधी, शिस्त कडक, आणि मिळविलेली पै न् पै विद्येच्या कामीं लावण्याचा बाणा. त्याचीहि इमारत लिलावांत गेली, आणि अखेरच्या वर्षांत तो नाशिकास पंचवटींत येऊन राहिला. उधळा आणि काटकसरी हे दोघेहि जर एकाच खड्ड्यांत पडतात, तर तो खड्डा कोठें आहे हें पाहणें जरूर आहे. स्वभावाच्या चर्चेनें तो सांपडणार नाहीं.

मराठी नाटकाचा दौरा हा मुळांत हौसेंतून निघालेला नाहीं, तो देण्यांतून निघालेला आहे, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं. राजा खर्च देत होता तोंवर तिकिटाचा प्रश्नच नव्हता. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले, आश्रय तुटला, आणि पदरीं जमविलेली माणसें व अंगावर आलेला खर्च घेऊन भाव्यांना सांगलीबाहेर पडावें लागलें. १८५३ सालीं मुंबईंत ग्रँट रोडवरील नाटकगृहांत पैसे घेऊन त्यांनीं खेळ केले. येथेंच एका राजाच्या जागीं शेंकडों लहान राजे आले. कोणी रुपया देणारा, कोणी चार आणे देणारा. राजा एकदां प्रसन्न झाला म्हणजे वर्षाची बेगमी होत असे. हे नवे राजे रोज नव्यानें प्रसन्न करावे लागतात, आणि एका गांवांतील राजे संपले म्हणजे दुसऱ्या गांवीं जावें लागतें.

आतां या फिरतीचा हिशेब कसा असे तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. पुढील आंकडे कोणा एका मंडळीचे नव्हेत, केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, मंडळींत साठ माणसें आहेत: नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, रंग लावणारे, आचारी, वाढपी, आणि नुकतीं घेतलेलीं चारदोन शिकाऊ मुलें. दोन वेळचें जेवण, चहा, धोबी, दिवाबत्ती मिळून रोजचे ५० रुपये. आणि पगार महिना १,५०० रुपये, म्हणजे रोजचे आणखी ५०. आठवड्याचे ७०० रुपये झाले. खेळ मात्र रोज होत नाहीं; बहुधा आठवड्यास तीन. तेव्हां प्रत्येक खेळानें पहिले २३३ रुपये ५ आणे ४ पै केवळ बिऱ्हाडासाठीं आणले पाहिजेत. नाटकगृहाचें भाडें, दिव्यांचें तेल, हस्तपत्रकांची छपाई, आगगाडीचें भाडें आणि लेखकाचें देणें यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. पाऊस पडून एक खेळ बुडाला, तर उरलेल्या दोन खेळांवर प्रत्येकीं ३५० रुपयांचा भार येतो. आणि तिकिटें तर तेवढींच, खुर्च्या तेवढ्याच. बुडालेल्या रात्रीचें उत्पन्न दुसऱ्या रात्रीं भरून निघत नाहीं. भरलेल्या नाटकगृहांत आणखी माणूस बसवितां येत नाहीं, आणि रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचें तिकीट उद्यां विकतां येत नाहीं.

प्रेक्षक मात्र हिशेब करितो तो भरलेल्या रात्रीचा. इतक्या खुर्च्या, इतका दर, म्हणजे आज मंडळीनें इतके रुपये नेले, असा गुणाकार घरीं परततांना करण्याची आपल्या लोकांस मोठी हौस. मधल्या चार दिवसांत त्याच मंडळीनें काय खाल्लें, हा गुणाकार कोणी करीत नसे.

नाशिकसारख्या गांवाचा मुक्काम या दृष्टीनें फार शिकवून जाणारा आहे. १९०१ च्या खानेसुमारींत नाशिकची लोकसंख्या सुमारें २१ हजार होती. त्यांतून तिकीट काढून नाटक पाहणारा वर्ग किती निघणार? वकील, मामलेदार कचेरींतील मंडळी, सावकार, शिक्षक, कांहीं व्यापारी. तेच ते लोक एकच नाटक किती वेळां पाहणार? म्हणून लहान गांवांत रोज नवें नाटक लावावें लागे. मुंबईंत एक नाटक गाजलें तर तेंच पुन्हां पुन्हां लावतां येई. नाशिकांत आठवड्याच्या तीन रात्रींना तीन नाटकें पाहिजेत, पुढच्या आठवड्यास आणखी दोन. नाटकें वाढलीं म्हणजे पडदे वाढले, पोषाख वाढले, त्यांच्या पेट्या वाढल्या. पेट्या वाढल्या म्हणजे आगगाडीचें आणि बैलगाड्यांचें भाडें वाढलें. आणि एवढें सामान वाहून आणल्यावर तें भाडें वसूल होईपर्यंत मुक्काम हालवितां येत नसे. म्हणजे गांव जितका लहान, तितका संसार मोठा बाळगावा लागे. ही विपरीत गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून मंडळ्यांच्या जमाखर्चाचा अर्थ लागत नाहीं.

त्यांतहि नाशिकचें स्टेशन गांवापासून पांचसहा मैल दूर. १८८९ सालीं स्टेशनापासून शहरापर्यंत जनावरांनीं ओढावयाची ट्राम सुरू झाली, ती सुमारें चाळीस वर्षांहून अधिक चालली. त्या ट्राममधून माणूस येई, पण जंगल आणि राजवाडा यांचे गुंडाळलेले पडदे कसे येणार? रेल्वेनें ज्या मंडळ्यांना मुंबईपासून खानदेश-वऱ्हाडापर्यंतचा मुलूख मोकळा करून दिला, त्याच मंडळ्यांना या शेवटच्या पांच मैलांचा खर्च प्रत्येक गांवीं नव्यानें भरावा लागे. कोणी म्हणेल कीं, नाशिक हें क्षेत्र आहे, यात्रेकरूंचा काय तोटा! पण यात्रेकरू घरून निघतांना पैसे मोजून निघतो. त्याचे पैसे क्षौर, श्राद्ध, दक्षिणा आणि परतीचें तिकीट यांना लागतात. त्र्यंबकेश्वरीं कुंडावर उभा असलेला मनुष्य रात्रीं नाटकाची खुर्ची घेईल असें समजून कोणी अंदाज बांधला, तर तो अंदाज चुकावयाचाच. सिंहस्थ बारा वर्षांनीं एकदां येतो, आणि गर्दीबरोबर पटकीचें भय घेऊन येतो.

साथीचा विषय निघाला म्हणून सांगतों. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें वर्षानुवर्षें तो या ना त्या गांवीं मुक्काम ठोकून होता. गांव उठून रानांत झोंपड्यांत राहूं लागला म्हणजे नाटक कोणी पाहावें? १९१८ सालीं इन्फ्लुएंझानें तर घरोघर माणसें मारलीं. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनीं बलवंत संगीत मंडळी काढली ती नेमकी याच सालीं. पंधरा वर्षें ती उभी राहिली हेंच विशेष.

फुकट पासांचाहि उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्याच वर्गाशीं संबंध असलेला खर्च आहे. गांवांत मंडळी आली कीं कचेरींतून, पोलीस ठाण्यांतून, म्युनिसिपालिटींतून आणि वर्तमानपत्राकडून पासांची अपेक्षा होत असे. परवानगी पाहिजे, पाणी पाहिजे, चार बरे शब्द छापून यावयास पाहिजेत. तेव्हां पास नाकारणार कसा? पुढच्या खुर्च्या या मंडळींनीं भरल्या म्हणजे ज्या खुर्चीचें मोल सर्वांत अधिक तीच फुकट गेली. १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत करमणुकीवर कर बसला, तोहि तिकिटांतूनच द्यावयाचा. शिवाय गांवोगांवीं शाळा, वाचनालय किंवा देऊळ यांच्या मदतीचे खेळ. गांवची मंडळी भरीस घालीत, मालक भिडेस पडत, आणि बिऱ्हाडाचा त्या रात्रीचा खर्च मात्र कोणी मदतीदाखल सोडून देत नसे.

या मदतीच्या खेळांत सर्वांत मोठा म्हणजे १९२१ च्या जुलैच्या ८ तारखेचा 'संयुक्त मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनीं मुंबईंत मिळून केलेला हा प्रयोग. एका रंगमंचावर बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. पहिल्या रांगेचें तिकीट १०० रुपये होतें, आणि तें घेणारे होते. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. मराठी रंगभूमीच्या वैभवाची शिखररात्र म्हणून तिचें वर्णन होतें, तें योग्यच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या शिखरावरून दोन्ही मंडळ्यांच्या वहींत त्या रात्रीं कांहीं जमा पडलें नाहीं. आणि तीन महिने होण्याच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वारले. ज्या गळ्यावर साठसत्तर माणसांचें पोट अवलंबून, तो गळा एका आजारानें गेला. व्यापाऱ्याचें गोदाम जळालें तर विमा मिळतो; नाटकमंडळीचें सारें गोदाम एका माणसाच्या कंठांत. ललितकलादर्श पुढें बापूराव पेंढारकरांनीं नेटानें चालविली, ही त्यांची थोरवी. १९३७ सालीं तेहि गेले, आणि मंडळी थांबली.

गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ सालची. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे भागीदार. टेंबे प्रथम बाहेर पडले, पुढें बोडसहि पडले, आणि मालकीचा व कर्जाचा सारा भार एकट्या नारायणराव राजहंसांवर आला. येथें शालूंचा आणि अत्तरांचा विषय काढल्यावांचून वाचक आम्हांस सोडणार नाहींत. खर्च होता, अमाप होता. पंक्तीस येईल तो जेवून जाई, आणि मालकाच्या तोंडून नकार निघत नसे. परंतु खरा जड खर्च निराळाच होता. अहमदजान तिरखवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया मंडळीनें बारमहा नोकरीस ठेवले होते. दरबारांतून ऐकावयास मिळावयाची ती साथ नाशिक-जळगांवच्या प्रेक्षकाला बारा आण्यांत ऐकावयास मिळाली. असा साथीदार उत्पन्न कमी झालेल्या महिन्यांत अर्ध्या पगारावर राहत नाहीं, आणि एकदां गेला तर परत येत नाहीं. उत्पन्न पावसावर आणि प्लेगवर अवलंबून, देणें मात्र पहिल्या तारखेस ठाम. शालू दोन वर्षें घेतले नसते तर कांहीं हजार वांचले असते. ही मूळची विषम जोड त्यानें सुटली नसती. लाखावर गेलेलें कर्ज बालगंधर्वांनीं पुढील वर्षांत खेळ करून करून पुष्कळसें फेडलें, हेंहि आपण सांगत नाहीं. उधळ्या माणसाच्या गोष्टींत फेडीचा अध्याय शोभत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

खेळ बुडूं द्यावयाचा नाहीं, हा या मंडळ्यांचा धर्म होऊन बसला होता. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें मुंबईंत 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणलें, त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरी ते रात्रीं भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट कलानिष्ठा म्हणून सांगितली जाते, आणि ती निष्ठा होतीच. पण पहिल्या प्रयोगाचीं तिकिटें गेलेलीं, नव्या पडद्यांवर आणि पोषाखांवर पैसा लागलेला, साठ माणसें अंग रंगवून तयार. अशा वेळीं नाहीं म्हणण्याचें स्वातंत्र्य त्या बापाला कितपत होतें, याचा विचार आपण टाळतों.

आतां दुसऱ्या गवयाकडे वळूं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. वडील कीर्तनकार. लहानपणीं फटाका उडून डोळ्यांस इजा झाली, शाळेचा मार्ग खुंटला, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं गाण्याचें शिक्षण झालें. मिरजेच्या दरबारचा आश्रय होता. मानापमानाच्या एका प्रसंगानंतर १८९६ सालीं त्यांनीं तो आश्रय सोडला आणि एकदोन सोबती घेऊन ते उत्तरेच्या वाटेस लागले. काठेवाडांत त्यांनीं राजवाड्याबाहेर सामान्य लोकांसाठीं अल्प दराचें तिकीट लावून गाणें केलें. ज्याला दरबारांत पाऊल टाकतां येत नव्हतें, त्याला ख्याल ऐकण्याचा अधिकार कांहीं आण्यांत मिळाला. भाव्यांनीं नाटकासाठीं जें देण्याच्या ओझ्याखालीं केलें, तें पंडितजींनीं गाण्यासाठीं स्वाभिमानानें केलें.

या पहिल्या फिरतीचें अंदाजपत्रक किती सुटसुटीत होतें पाहा. तंबोरा, तबला, दोनतीन माणसें, तिसऱ्या वर्गाचें तिकीट, आणि गांवांतील एखाद्या रसिकाच्या ओसरीवर मुक्काम. दोन बैठका झाल्या तरी पुढच्या गांवचें भाडें निघे. नाहींच झाल्या तरी दोन माणसांस उपास पडला, साठांना नव्हे. पडदे नाहींत, पेट्या नाहींत, मागें पगारपत्रक नाहीं. फिरत्या कलावंताला पोट भरून कांहीं शिल्लक राहील असा संसार म्हटला तर तो हाच. खांसाहेब अब्दुल करीमखांहि पुढें विद्यालयाचा व्याप आवरल्यावर थोड्या माणसांनिशीं दक्षिणेंत असेच हिंडत राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरांत मद्रासहून पाँडिचेरीस जातांना वाटेंत एका लहानशा स्टेशनावर उतरून त्यांनीं देह ठेवला. जातांना त्यांच्या पाठीमागें मिरजेंत लिलाव नव्हता.

पण पंडितजींस पोट भरावयाचें नव्हतें, विद्या पसरावयाची होती. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. कोणा संस्थानिकाच्या सनदेवर तें उभें नव्हतें. फी, वर्गण्या आणि गुरूच्या गाण्याच्या बैठका यांवर उभें होतें. त्यांत उपदेशक वर्ग काढला. हे विद्यार्थी वर्षानुवर्षें गुरूपाशीं राहावयाचे, त्यांचें जेवणखाण, राहणें गुरूनें करावयाचें, आणि तयार झाल्यावर त्यांनीं गांवोगांवीं गाणें शिकवावयाचें. कल्पना भव्य होती. हिशेबाच्या दृष्टीनें मात्र ती नाटकमंडळीची चूलच होती. पात्रें निराळीं, चूल तीच. क्रमिक पुस्तकें पाहिजेत म्हणून छापखाना आला, मासिक आलें. १९०८ सालीं मुंबईस विद्यालय निघालें, आणि पुढें सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून त्याची मोठी इमारत उभी राहिली.

येथून पुढें दौऱ्याचा अर्थच पालटला. १८९६ सालचा दौरा गवयाला पुढें नेत होता. आतांचा दौरा मागच्या घराला ओढीत होता. कर्जाचें व्याज महिन्यामहिन्यास चढतें, बैठका मात्र हंगामांत होतात. लग्नसराई, गणेशोत्सव, जलसे, परिषदा यांचे दिवस ठरलेले, मधले महिने कोरडे. व्याज भरावें म्हणून गुरूनें मुंबई सोडून दूरच्या प्रांतांत गात हिंडावें, तों विद्यालयांत ज्याच्या नांवानें विद्यार्थी येतात तो गुरूच नाहीं. विद्यालयांत राहावें, तर हप्ता कोठून यावा? आणि राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' म्हणावयास जाणें हा त्यांच्या देशभक्तीचा भाग. त्यासाठीं ते बिल थोडेंच करणार होते! बरें, विद्यार्थ्यांना अर्ध्यावर घरीं पाठवावें, तर ज्याच्यासाठीं कर्ज काढलें तेंच मोडलें. शेवटीं १९२४ सालीं पंडितजी असेच दौऱ्यावर असतांना धनकोंनीं मालमत्तेवर जप्ती आणली आणि विद्यालयाची वास्तु लिलावांत गेली. कर्ज फेडण्यासाठीं गावयास गेलेल्या माणसाचें घर तो गात असतां गेलें. ज्यांना उधळपट्टीचा सिद्धान्त प्रिय आहे, त्यांनीं या गृहस्थाच्या वहींत अत्तराची एक कुपी दाखवून द्यावी.

पंडितजींनीं इमारत बांधली ती चूक झाली काय? धंद्याच्या दृष्टीनें झाली, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेसें वाटतें. विटा आणि चुना हे न हालणारे, उत्पन्न सदा हिंडणारें, आणि मध्यें एकच गळा. अशा पायावर कोणत्याहि पेढीनें कर्ज द्यावयास नको होतें आणि कोणी घ्यावयासहि नको होतें. तिकीट लावून ज्यानें गाण्याला राजाश्रयांतून सोडविलें, त्यानेंच त्या तिकिटावर राजाला झेंपेल असें ओझें ठेविलें. लोकाश्रय म्हणजे राजाश्रयाचाच मोठा अवतार, अशी त्या पिढीची समजूत होती. लोक आज टाळ्या देतात, उद्यां पैसा देतील, आणि परवां कर्जहि फेडतील. लोकांनीं तिकिटाचे पैसे दिले, त्यापुढचें देणें आपलें आहे असें त्यांस कधींच वाटलें नाहीं. या बाबतींत आपले पूर्वज कृपण होते असें म्हणण्यापेक्षां, संस्थेला आणि माणसाला वेगळें करून पाहण्याची संवय तेव्हां लागलेली नव्हती, असें म्हणणें न्यायाचें होईल. विद्यालय बुडालें तें पलुसकरबुवांचें, अशी लोकांची समजूत. आपलें कांहीं बुडालें असें कोणास वाटेना.

पंचवटींत गोदावरीच्या कांठीं रामनामाधार आश्रमांत ते राहिले, भगवीं वस्त्रें घालूं लागले, रामायणावर प्रवचनें करूं लागले. जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण येत जात. या आश्रमालाहि खर्च होता, आणि त्यासाठींहि ते फिरतच होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं ते मिरजेस वारले. ज्या मिरजेंतून तंबोरा घेऊन निघाले तेथेंच शेवट झाला. मुलगा दत्तात्रय तेव्हां दहा वर्षांचा होता. तो पुढें डी. व्ही. पलुसकर या नांवानें सर्व देशास माहीत झाला, आणि १९५५ सालीं ऐन तारुण्यांत गेला.

मंडळ्यांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. १९३१ सालीं बोलपट आला, १९३२ सालीं मराठींतहि आला. ज्या नाशिकांत मंडळ्यांचे मुक्काम पडत, त्याच नाशिकांत दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालींच आपला चित्रपटाचा कारखाना थाटला होता, ही गंमतीची गोष्ट आहे. सारा खेळ एका पत्र्याच्या डब्यांत बसतो, डब्याला जेवण लागत नाहीं, पगार लागत नाहीं, आणि एकाच रात्रीं तो दहा गांवीं असूं शकतो. साठ माणसांच्या चुलीनें या डब्याशीं स्पर्धा कशी करावी? बलवंत मंडळी मिटली आणि दीनानाथ चित्रपटाकडे वळले, तेथें देणें आणखी वाढलें. १९३५ सालीं बालगंधर्वहि 'धर्मात्मा'साठीं प्रभातच्या दाराशीं गेले. पुढें नाटक पुन्हां उभें राहिलें तें बिऱ्हाड टाकून. आज नाशिकच्या कालिदास कलामंदिरांत नाटक येतें तें बसनें येतें, आणि पडदा पडला कीं सामान बांधून पुढच्या रस्त्यास लागतें. नटाला रात्रीपुरतें मानधन, बाकीचे दिवस ज्याचे त्यानें पाहावे. चूल विझली, तेव्हां हिशेब जुळला. चुलीबरोबर काय विझलें, हें तिरखवांचा तबला बारमहा ऐकलेल्या पिढीनें सांगावें.

पंडितजींच्या निधनानंतर त्याच १९३१ सालीं त्यांचे शिष्य अहमदाबादेस जमले आणि त्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. यावेळीं मध्यवर्ती इमारतीवर भार ठेविला नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या गांवीं आपलें विद्यालय चालवावें, अभ्यासक्रम एक असावा, परीक्षा एक असाव्या, अशी रचना झाली. त्या शिष्यांत विनायकराव पटवर्धन होते. लाहोरास व मुंबईस ते गुरुजींच्या पंक्तीस जेवलेले, आणि पुढें सुमारें दहा वर्षें गंधर्व नाटक मंडळींत गायकनट म्हणून तिच्याहि पंक्तीस जेवलेले. दोन्ही बिऱ्हाडांचा खर्च आंतून पाहिलेला दुसरा माणूस सांपडणें कठीण. ८ मे १९३२ रोजीं त्यांनीं पुण्यास विद्यालय उघडलें, आणि तें चाललें.